कागद, कढई आणि खळ
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. कागद फुगतो, चुरमुरे सादळतात, वहीचा पुठ्ठा वाकतो. या वेळी सांगली-सातारा भागातल्या विद्यार्थ्यांची पत्रं निवडली आहेत. चित्रकला, स्वयंपाक आणि हस्तकला असे कप्पे मुद्दामच केलेले नाहीत, कारण लिहिणाऱ्यांनीही ते केलेले नाहीत. कॉट बेसिसवर राहणाऱ्याचं टेबल एकच असतं, त्यावर रंगाची बशीही असते आणि पोह्यांचीही. (त्या दोन बशा मात्र कायमच्या वेगळ्या ठेवा. काही रंगांत कॅडमियम, कोबाल्टसारखे धातू असतात.)

प्रश्न : इंटरमिजिएट झाल्यावर आता चित्रकलेचा मूलभूत अभ्यासक्रम करते आहे. कार्ट्रिज कागदावर जलरंगाचा वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) दिला की कागदाला लाटा येतात आणि आकाशात फुलकोबीच्या गड्ड्यासारखे डाग उमटतात. महागडा कागद घेण्यावाचून इलाज नाही का?
(विद्यार्थिनी, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं कागदाचं, दुसरं हाताचं. महाग कागदाने पहिलं बरं होईल, दुसरं नाही.

कागदाचे तंतू पाणी पितात आणि फुगतात. ओला भाग पसरू पाहतो, भोवतीचा कोरडा भाग त्याला जागा देत नाही, मग मधला कागद वर उचलला जातो. त्या उंचवट्यावरून रंग वाहून खळग्यात साचतो, म्हणून वाळल्यावर पट्टे दिसतात. बाजारातला साधा कार्ट्रिज ११० ते १५० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) असतो. जलरंगाचा म्हणून मिळणारा ३०० जीएसएमचा कागद दुप्पट किंवा त्याहूनही जाड. वही विकत घेण्याऐवजी ३०० जीएसएमची एक इम्पीरियल शीट (२२ × ३० इंच) घ्या आणि तिचे ७.५ × ११ इंचाचे आठ तुकडे करा. सराव कार्ट्रिजवर, पक्कं चित्र या तुकड्यावर, असा हिशेब परवडतो.

कार्ट्रिजवरच काम करायचं असेल तर तो ताणून घ्या. लागेल एक सपाट प्लायचा तुकडा आणि पाणी लावून चिकटणारा दोन इंची तपकिरी कागदी टेप. टेपचे चार तुकडे आधी कापून बाजूला कोरडे ठेवा. ओल्या हाताने टेप कापायला गेलं की अख्खं बंडल चिकटून बसतं. कार्ट्रिज कागद परातीत साध्या पाण्यात एक-दोन मिनिटं बुडवा (३०० जीएसएम असेल तर पाच मिनिटं), कोपरा धरून निथळू द्या, प्लायवर पसरा आणि मधून कडेकडे ओल्या स्पंजने हलकेच सपाट करा. चोळू नका, कागदाचा वरचा थर उठतो. कडेचं पाणी फडक्याने टिपा, टेपला ओलं बोट फिरवा आणि अर्धा टेप कागदावर, अर्धा प्लायवर असा दाबा. आता तो आडवाच वाळू द्या. उभा ठेवला तर पाणी खाली उतरून खालचा टेप सुटतो. पंख्याखाली घाईने वाळवला तर एक कड आधी आकसते आणि कागद टेपपाशी टर्रकन फाटतो. मास्किंग टेप या कामाचा नाही, ओल्या कागदाला तो धरतच नाही. वाळलेला कागद ढोलकीच्या पुडीसारखा ताठ लागतो. रंगकाम पूर्ण वाळेपर्यंत तो प्लायवरून सोडवायचा नाही.

आता फुलकोबी. वॉश वाळताना तीन अवस्था येतात. पहिली : कागद खिडकीकडे तिरपा धरला तर चमकतो. यात नवा रंग सोडता येतो, तो मऊ पसरतो. दुसरी : चमक गेली, पण तळहाताची मागची बाजू टेकवली तर कागद गार लागतो. तिसरी : कागद खोलीइतकाच कोमट, म्हणजे खरोखर वाळला. डाग पडतात ते फक्त दुसऱ्या अवस्थेत. अर्धवट वाळलेल्या रंगात ओला ब्रश टेकला की ते जास्तीचं पाणी रंगाचे कण पुढे ढकलत नेतं आणि जिथे थांबतं तिथे झालरदार काठ सोडतं. उन्हाळ्यात ही मधली अवस्था पाच-सात मिनिटांत सरते, पावसाळ्यात वीस मिनिटंही रेंगाळते. तुमचा हात बिघडलेला नाही, हवा बदलली आहे आणि हात अजून मे महिन्याच्या सवयीने चालतो आहे.

एक नियम पाळा : ब्रशात पाणी कागदावरच्या पाण्यापेक्षा कमी हवं. रंग उचलल्यावर ब्रशाचं पोट सुती फडक्याला एकदा टेकवा, मग कागदाकडे न्या. आणखी एक, आकाशाचा रंग एकदाच पुरेसा कालवा. ए-फोर आकाराला दोन मोठे चमचे रंगाचं पाणी लागतं. निम्म्यात संपलं की दुसरं कालवेपर्यंत पहिला काठ वाळतो. प्लायची वरची कड दोन बोटं उचला, प्रत्येक आडव्या फटकाऱ्याखाली जमलेला रंगाचा ओघळ पुढच्या फटकाऱ्याने खाली ओढत न्या आणि तळाशी उरलेला ओघळ पिळून घेतलेल्या ब्रशाने शोषून घ्या. तो तिथेच सोडला तर वाळताना वर चढतो आणि आकाशाच्या पायथ्याशी पुन्हा गड्डा.

प्रश्न : फाउंटन पेनने रेखाटन करून वर रंग दिला तर शाई पसरते. वॉटरप्रूफ शाई पेनात भरली तर पेन चोंदलं. काय वापरू?
(डिप्लोमाचा विद्यार्थी, कराड)

उत्तर : फाउंटन पेनची नेहमीची शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. वाळली तरी पाणी लागताच पुन्हा विरघळते. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकमध्ये काजळीचे कण आणि त्यांना धरणारी लाखेसारखी राळ असते. ती कागदावर घट्ट बसते, तशीच पेनच्या बारीक नळीतही बसते. ती शाई टाकाने (शाईत बुडवून चालवायच्या निबच्या लेखणीने) वापरायची, पेनात भरायची नाही. चोंदलेलं पेन सुटं करून कोमट पाण्यात रात्रभर ठेवा, मग साबणाच्या पाण्याने पुनःपुन्हा भरून रिकामं करा. गरम पाणी नको, प्लॅस्टिक वाकतं.

टाकाची नवी निब शाई धरत नसेल तर तिच्यावर गंज लागू नये म्हणून दिलेला तेलकट थर असतो. भांड्यांच्या साबणाने चोळून पुसली की काम होतं. टाक नको असेल तर पिगमेंट शाईचे लायनर (बारीक टोकाची तयार पेनं) घ्या, ०.१ आणि ०.५ या दोन जाड्या पुरतात. कोणतीही शाई असो, वापरण्याआधी त्याच कागदाच्या कपच्यावर पाच रेघा ओढा आणि एक, पाच, दहा, तीस मिनिटांनी एकेकीवरून ओला ब्रश फिरवा. पाचवी दुसऱ्या दिवशी. कितव्या रेघेला शाई हलली नाही ते कपच्यावरच लिहून वहीत चिकटवा. सुकण्याचा वेळ बाटलीवर छापलेला नसतो, आणि सांगलीच्या जुलैत तो वेगळाच निघतो.

प्रश्न : घरून शिकून आले तसंच भडंग खोलीवर इंडक्शनवर केलं. लसूण कडवट लागला, आणि तिसऱ्या दिवशी सगळं वातड. घरचं पंधरा दिवस टिकतं.
(विद्यार्थिनी, मूळची सांगलीची, सध्या साताऱ्यात)

उत्तर : भडंग मऊ पडतं ते चार ठिकाणी चोरून शिरलेल्या पाण्यामुळे : चुरमुऱ्यात आधीच असलेलं, धुतलेल्या कढीपत्त्यावरचं, लसणाच्या आतलं आणि गरम भडंग डब्यात कोंबल्यावर झाकणाखाली धरलेलं. एकेक बंद करू.

चुरमुरे भडंगाचेच घ्या, टपोरे. भेळेचे बारीक चुरमुरे तेल पिऊन बसतात. सांगलीत गणपती पेठेतल्या किराणा दुकानात नुसतं ‘भडंगाचे’ म्हटलं की कळतं. साताऱ्यात दाखवून घ्या. पाव किलोचं प्रमाण असं : तेल १०० मिली, शेंगदाणे १०० ग्रॅम, सालासकट ठेचलेल्या लसणाच्या १५ ते २० पाकळ्या, कढीपत्त्याच्या ३-४ काड्या, तिखट ३ छोटे चमचे, हळद १ चमचा, धने-जिरेपूड २ चमचे, पिठीसाखर १ मोठा चमचा. मीठ दीड चमच्याने सुरू करा, चुरमुरे मुळात खारट असतात.

कढीपत्ता आदल्या रात्री धुऊन फडक्यावर पसरा. चुरमुरे दोन बोटांत चुरडून पाहा, आवाज होऊन पीठ झालं तर ठीक. वाकला तर थोडेथोडे करून मंद आचेवर चार-पाच मिनिटं कोरडे परता. इथे इंडक्शनचा स्वभाव लक्षात घ्या. कमी वॅटवर तो सलग मंद तापत नाही. बहुतेक इंडक्शन थोडा वेळ पूर्ण जोरात आणि थोडा वेळ बंद असे चालतात. तळ पातळ असेल तर मधोमध वर्तुळ करपतं. जाड बुडाचं सपाट भांडं घ्या आणि हात थांबवू नका. लसूण कडू झाला तो याच वर्तुळात.

तेल तापल्यावर आधी दाणे तळून बाहेर काढा. मग आच उतरवून लसूण. सुरुवातीला तेलात भरपूर बुडबुडे येतील, ते लसणातलं पाणी आहे. बुडबुडे विरळ होत थांबले आणि पाकळीच्या कडा बदामी झाल्या की लगेच कढीपत्ता टाका. तो तडतडून काचेसारखा कडक झाला की बटण बंद. रंग गडद होण्याची वाट पाहू नका, बंद केल्यावरही गरम तेल लसूण शिजवत राहतं. एक मिनिट थांबून हळद, तिखट, धने-जिरेपूड आणि मीठ तेलात घाला, आधी घातलं तर जळून काळपट होतं. मग चुरमुरे आणि दाणे घालून खालीवर करा. तेलात न्हालेला एखादा चुरमुरा भगवा आणि बाकी पांढरे, असं दिसलं तर चमच्याने न ढवळता दोन्ही हातांनी खालून वर उपसत कालवा.

पिठीसाखर अगदी शेवटी, भडंग हाताला गार लागल्यावर. गरम असताना घातली की विरघळते, खडे होतात आणि तेच खडे हवेतली ओल ओढतात. वर्तमानपत्रावर पसरू नका, छपाईची शाई तेलात उतरते. परातीत तासभर उघडं ठेवा, मगच डबा. रोज मूठभर खाण्यासाठी छोटा डबा वेगळा काढा. पंधरा दिवस टिकणाऱ्या घरच्या भडंगाचं निम्मं गुपित हेच असतं की मोठा डबा दिवसातून दहादा उघडला जात नाही.

प्रश्न : स्केचबुक स्वतः बांधलं. पानं छान शिवली गेली, पण पुठ्ठ्याचं कव्हर दोन दिवसांत वाकलं. खळ घरी केली होती, तिला वासही आला.
(विद्यार्थी, मिरज)

उत्तर : कव्हर कोणत्या बाजूला वाकलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं निदान त्यावरच आहे. वरचा कागद खळ लागल्यावर फुगतो, तसाच पुठ्ठ्यावर चिकटतो आणि वाळताना आकसून पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. म्हणजे वरचा कागद लावून सोडून दिला तर कव्हर बाहेर वळणारच. आतून लावलेलं अस्तर उलट दिशेने ओढतं आणि हिशेब बरोबर होतो. कव्हर बाहेर वळलं असेल तर अस्तर कडेपर्यंत चिकटलेलं नाही किंवा फार पातळ आहे. आत, पानांकडे वळलं असेल तर अस्तराला खळ जास्त झाली.

दुसरं कारण कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा. कागद ओलाव्याने ग्रेनच्या आडव्या दिशेत जास्त पसरतो. पानं, वरचा कागद, पुठ्ठा आणि अस्तर, सगळ्यांचा ग्रेन वहीच्या पाठीला समांतर हवा. ओळखायचा कसा? कागद न दुमडता नुसता कमानीसारखा वाकवा, एकदा उभा, एकदा आडवा. ज्या दिशेने कमी विरोध होतो, तिथल्या घडीची रेघ म्हणजे ग्रेन. पुठ्ठ्यालाही हेच. इथे एक सापळा आहे : तयार ए-फोर कागदाचा ग्रेन बहुधा लांब बाजूने असतो, त्यामुळे तो मधून दुमडून ए-फाइव्ह वही केली की ग्रेन पाठीला काटकोनात येतो. पानं ताठ उघडतात, रंग लावला की पाठीपाशी लाटा येतात. मोठी शीट घेऊन स्वतः कापणं बरं.

खळ अशी करा : ४ मोठे चमचे मैदा, ३०० मिली पाणी. आधी थोड्या थंड पाण्यात मैदा गुठळी न ठेवता कालवा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळा. पाच-सहा मिनिटांत पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी चमकू लागते आणि चमच्याला जाड थर धरते. तिथे थांबा. गरम असतानाच गाळून घ्या. कच्ची राहिलेली खळ वाळल्यावर पावडर होऊन सुटते. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, खोलीतल्या भांड्यात आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर ते आणू नका. त्यापेक्षा लागेल तेवढीच करा. फ्रीजमध्ये तीन दिवस राहते. आंबूस वास आला की फेकून द्या. त्या खळीने बांधलेल्या वहीला पुढे बुरशी धरते. घाईचं काम असेल तर फेव्हिकॉल आणि खळ निम्मीनिम्मी. पाणी कमी, तरीही कागद सरकवून नीट बसवायला दोन मिनिटं मिळतात.

पुठ्ठा २ मिलिमीटरचा, पानांपेक्षा वर, खाली आणि समोर ३-३ मिलिमीटर मोठा. पाठीशी दोन पुठ्ठ्यांत ८ मिलिमीटर मोकळी जागा सोडा, नाहीतर वही उघडताच अस्तर फाटतं. खळ पुठ्ठ्याला न लावता कागदाला लावा, मधून कडेकडे, आणि कागद दोन-तीन मिनिटं फुगू द्या. फुगून झालेला कागद चिकटवल्यावर सुरकुतत नाही. अस्तर लावलं की त्याच्या आणि पानांच्या मध्ये प्लॅस्टिकचा कागद आणि टिपकागद घाला, वही बंद करून वर सहा-सात किलो वजन ठेवा. पाटा चालेल, पुस्तकांचा ढीगही. टिपकागद दोनदा बदला. चोवीस तास ठेवायचं. पावसात दोन दिवस. मध्येच उघडून बघायचा मोह म्हणजे वाकलेल्या कव्हराची सुरुवात.

शिलाई जमली म्हणता, तरी इतर वाचकांसाठी एका फर्म्याची (एकात एक दुमडलेल्या कागदांच्या जुडीची) पद्धत. १५० जीएसएमचे चार कागद एकात एक दुमडले की पाठपोट मिळून सोळा पृष्ठं होतात. घडीवर सारख्या अंतराने पाच भोकं दाभणाने पाडा, वरून खाली १ ते ५ आकडे घाला. मेण चोळलेला दोरा, लांबी वहीच्या उंचीच्या अडीचपट. आतून ३ मधून बाहेर, २ मधून आत, १ मधून बाहेर, पुन्हा २ मधून आत. आता ३ ओलांडून ४ मधून बाहेर, ५ मधून आत, पुन्हा ४ मधून बाहेर, शेवटी ३ मधून आत. दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आणून गाठ मारा. दोरा ओढायचा तो घडीच्या रेषेत. काटकोनात ओढला की भोक फाटतं.

प्रश्न : सांगलीच्या हळदीने कागद आणि कापड रंगवून राख्या केल्या. एकीवर साबणाचं पाणी उडालं तर लाल डाग पडला, आणि खिडकीत ठेवलेल्या फिकट झाल्या. हळदीत भेसळ आहे का?
(अकरावीची विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : या खुणांवरून तरी नाही. हे दोन्ही हळदीचे गुणधर्मच आहेत. हळदीतलं करक्युमिन अल्कधर्मी पदार्थाने लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच जोरावर. साबणही अल्कधर्मी. डागावर लिंबाचा थेंब टाका, पिवळा परत येईल. उन्हाने मात्र करक्युमिन तुटतं, तो रंग परत येत नाही. तुरटीने कापडावर रंग जरा घट्ट बसतो. शंभर ग्रॅम धुतलेल्या सुती कापडाला १५ ग्रॅम तुरटी, बुडेल एवढ्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास. मग ५० ग्रॅम हळदीच्या पाण्यात अर्धा तास मंद उकळ, सावलीत वाळवण. पण तुरटी उन्हापुढे हरतेच. हळदीचा रंग राखीला, शुभेच्छापत्राला किंवा वहीच्या अस्तराला द्या. जे बंद राहतं किंवा चार दिवस मिरवून जपून ठेवलं जातं, त्याला. भिंतीवरच्या चित्राला नको.

आणि या दोषाचाच खेळ करता येतो. करक्युमिन पाण्यात नीट विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतं. एक छोटा चमचा हळद दोन मोठे चमचे सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळा, गाळ बसू द्या आणि वरचा स्वच्छ पिवळा रंग जाड कागदावर रुंद ब्रशने फिरवा. (शेगडी बंद, खिडकी उघडी.) वाळल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेल्या ब्रशाने चित्र काढा, नारिंगी-लाल रेघ उठते. धुण्याच्या सोड्याने ती आणखी गडद, विटकरी होते. तो हाताला लागू देऊ नका. चूक झाली तर लिंबाचा रस हा तुमचा खोडरबर.

प्रश्न : चिक्की दाताला चिकटते. पाक झाला हे कसं ओळखायचं?
(विद्यार्थी, इस्लामपूर)

उत्तर : गूळ चिक्कीचाच मागा. साध्या गुळाचे लाडू होतात, कडक चिक्की होत नाही. २०० ग्रॅम गुळाला २०० ग्रॅम भाजून सोललेले दाणे, एक चमचा तूप. पाणी घालू नका. गूळ वितळून फेसाळला की थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाका आणि बोटांनी मोडा. वाकला किंवा ताणला गेला तर पाक कच्चा. कट् असा आवाज होऊन मोडला की त्याच क्षणी आच बंद, दाणे घाला. तूप लावलेलं पोळपाट-लाटणं आधीच तयार हवं, हाताशी मिनिटभरच असतं. वड्यांच्या रेघा गरम असतानाच मारा. गूळ हवेतली ओल ओढतो, म्हणून गार होताच एकेक वडी बटर पेपरात गुंडाळा. तशाच बशीत राहिल्या तर पाक कितीही चांगला असो, संध्याकाळी चिकटणारच.

प्रश्न : सप्टेंबरात कासला एक दिवस फुलं रेखाटायला जाणार आहोत. मागच्या वर्षी धुक्यात जलरंग वाळलेच नाहीत.
(तीन मैत्रिणी, सातारा)

उत्तर : वाळणार नाहीतच, नेऊच नका. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरचं हे पठार फुलतं तेव्हा ढगातच असतं. क्लिपबोर्ड, २बी पेन्सिल, बारा रंगीत पेन्सिली आणि अख्खा बोर्ड मावेल अशी पारदर्शक पिशवी एवढं न्या. पिशवीत हात घालून आतच रेखाटायचं. फुलं खुडायची नाहीत, फुलांत पाय घालायचा नाही. २०१२ पासून कास जागतिक वारसा स्थळांत आहे, आणि तसं नसतं तरी पायाखालच्या बोटभर मातीत पुढच्या वर्षीचं बी असतं. प्रवेशाची नोंदणी आधी करा.

सबंध पठार काढायच्या भानगडीत न पडता तीन फुलं निवडा. सीतेची आसवं (निळसर जांभळी, खालची पाकळी मोठी, मागे शिंगासारखं टोक), मिकी माउस (पिवळं, त्यावर दोन लाल ठिपके) आणि गेंद (काडीवर पांढरी गोळी). प्रत्येक फूल समोरून आणि बाजूने काढा, शेजारी स्वतःच्या बोटाचं पेर त्याच मापात काढा. कासची बरीच फुलं नखाएवढी असतात, आणि घरी येऊन रंगवताना ती हमखास जास्वंदीएवढी होतात. रंग शब्दांत लिहा, पण ‘गुलाबी’ असं नको. ‘पेन्सिल ७ वर ३ हलकी’ असं.

पाऊस फारच लागला तर बेत फिरवून सातारा जिल्ह्यातल्याच औंधला जा. श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, पाय न भिजता कापडाच्या चुण्यांचा अभ्यास होतो.

प्रश्न : आजीच्या दहा पाककृतींची सचित्र वही करून तिला द्यायची आहे. ती सगळं ‘अंदाजाने’ सांगते. चित्रं किती आणि कशाची काढू?
(विद्यार्थिनी, वाई)

उत्तर : आजीला प्रमाण विचारू नका. विचारलं की ती एक वाटी म्हणते आणि घालताना सव्वा घालते. पीठ, गूळ, तेल, तिखट यांचे डबे स्वयंपाकाआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन लिहा. आजीला तिच्या हाताने करू द्या. झाल्यावर डबे पुन्हा मोजा, फरक म्हणजे आजीचा अंदाज. मीठ आणि हिंगासाठी हे जमत नाही, बऱ्याच काट्यांवर एक-दोन ग्रॅम नीट कळत नाहीत. तिची चिमूट कागदावर टाकायला लावा आणि ती सपाट चमच्यात भरून बघा. पाणी तांब्याने घेत असेल तर तांब्यावर पाण्याची पातळी आधी आणि नंतर खडूने खुणा करून दाखवा. एकच पदार्थ दोनदा मोजा, दोन आकडे आले तर दोन्ही लिहा.

चित्र पदार्थाचं काढू नका. पुरणपोळी कशी दिसते हे वही वाचणाऱ्याला ठाऊक असतं. जिथे शब्द अपुरे पडतात ती पायरी काढा : पुरणात उभा राहिलेला उलथना, दोन बोटांत ताणलेली पाकाची तार, थालीपिठाला मधोमध पाडलेलं भोक आणि त्यात सोडलेलं तेल, भाजणीचा नेमका रंग. भाजणीच्या रंगाला तर चित्रही नको. कच्चं, बरोबर आणि करपलेलं असे तीन चौकोन रंगवा, शेजारी मिनिटं लिहा. दर पाककृतीला दोन पानं समोरासमोर, म्हणजे शिजवताना पान उलटावं लागणार नाही. शिलाईकडचा समास दोन सेंटिमीटर सोडा. अक्षरं आजीच्या चष्म्याच्या हिशेबाने, ‘क’ पाच मिलिमीटरपेक्षा लहान नको. शाई वॉटरप्रूफ, कराडच्या वाचकाला सांगितलेली रेघांची परीक्षा करून. वही हातात असताना आजीच्या बोटाला फोडणीचं तेल असणारच आहे. शिवाय दर पाककृतीनंतर समोरासमोरची दोन पानं कोरी ठेवा. ‘हे असं नाही गं’ म्हणून ती जे सुधारून सांगेल, ते लिहायला तीच जागा लागेल.